संत्र्याची जकात

रमजानचा दुसरा आठवडा होता. मधल्या सुट्टीत बाकीचे सहकारी डबे उघडत होते आणि मी खिडकीपाशी आठवीच्या वह्या तपासत बसले होते. तेवढ्यात शिक्षकांच्या ग्रुपवर एक मेसेज आला. एका हातगाडीचा फोटो. गाडीवर एकसारखी, चकचकीत, स्टिकर लावलेली संत्री. गाडीमागे उभ्या माणसाच्या टोपीभोवती लाल गोल काढलेला. खालच्या मजकुराचा सारांश असा : विदर्भातला संत्रा उत्पादक मरतोय आणि हे लोक इजिप्तची संत्री विकून गब्बर होताहेत, सरकारने यांच्यावर शंभर टक्के कर लावावा आणि आपण यांच्याकडून घेणं बंद करावं. खाली तीन-चार अंगठे उमटले. त्यातला एक अंगठा माझ्या शेजारी बसून पोळी-भाजी खाणाऱ्या सरांचा होता. ते वाईट गृहस्थ नाहीत. माझा रोजा आहे म्हणून डबा घेऊन थोडे पलीकडे सरकून बसणारे आहेत. म्हणून तर जास्त लागलं.

संध्याकाळी मोहल्ल्यातल्या बायकांच्या ग्रुपवर दुसरा मेसेज. इजिप्त मुस्लिम मुल्क आहे, इफ्तारसाठी तिथलीच संत्री घ्या, सवाबही मिळेल! त्यालाही अंगठे.

एकाच दिवसात एकाच फळावरून दोन बाजूंनी शहाणपण शिकवलं गेलं आणि दोन्ही बाजूंना आयात शुल्क म्हणजे काय, हे ठाऊक नव्हतं. मी अर्थशास्त्राची नाही, भाषेची शिक्षिका आहे. पण माझे अब्बा बागवान होते. वरूड-मोर्शीकडच्या बागांचा सौदा करायचे, पेट्या भरायचे आणि ट्रकबरोबर जकात नाक्यावर रात्र रात्र ताटकळायचे. त्यामुळे या विषयावर दोन शब्द बोलायचा मला थोडासा हक्क आहे.

सुरुवात त्या शब्दापासूनच करू. दरवर्षी एखादा मुलगा विचारतोच, ‘मॅडम, जकात तर ईदच्या आधी गरिबांना देतात, मग नाक्यावर जकात कशी घेतात?’ शब्द एकच, अरबीतून आलेला. उर्दूत तो आपल्या दीनचा एक स्तंभ आहे. मराठीत तो मालावरचा कर झाला. मुंबई महापालिकेची जकात 2017 मध्ये जीएसटी आल्यावर बंद झाली, पण देशाच्या वेशीवरची जकात आहेच. तिला आपण सीमाशुल्क म्हणतो. आणि गेल्या वर्षी ज्याचा जगभर गजर झाला, तो ‘टॅरिफ’ हा शब्दही अरबीच. मूळ ‘तारीफ’, म्हणजे माहिती देणं, जाहीर करणं. कोणत्या मालावर किती कर, याची यादी जाहीर करणं ती तारीफ. उर्दूत तिचा अर्थ स्तुती असाही झाला. आज आपण शुल्काची फक्त स्तुती करतो आणि त्याची माहिती करून घेत नाही. खरी गफलत इथे आहे.

तर माहिती घेऊ. परदेशातून ताजी संत्री भारतात येतात तेव्हा त्यांवर 30 टक्के मूळ सीमाशुल्क लागतं. त्या शुल्कावर आणखी 10 टक्के समाजकल्याण अधिभार. ताज्या फळांवर जीएसटी नाही. म्हणजे एकूण बोजा 33 टक्के. हे टक्के नुसत्या फळाच्या किमतीवर मोजत नाहीत. फळाची किंमत, विमा आणि बंदरापर्यंतचं जहाजभाडं मिळून जी रक्कम होते, तिच्यावर मोजतात. म्हणजे भाडं वाढलं की करही वाढतो. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि अनेक जहाजं आफ्रिकेला वळसा घालून येऊ लागली. अशा वेळी जहाजावर वाढलेल्या प्रत्येक रुपयामागे तेहतीस पैसे कर वाढतो. फळ तेच, बाग तीच.

आता सातवीच्या मुलालाही जमेल असं गणित मांडते. समजा, सगळं धरून न्हावा शेव्याला पोहोचलेल्या संत्र्याची किंमत किलोला 80 रुपये झाली. त्याचे 30 टक्के म्हणजे 24 रुपये. 24 चे 10 टक्के म्हणजे 2 रुपये 40 पैसे. एकूण कर 26 रुपये 40 पैसे. बंदराबाहेर पडताना संत्रं झालं 106 रुपये 40 पैशांचं. पुढे शीतगृह, वाशीच्या बाजारातली अडत, वाहतूक, सडका माल आणि शेवटी हातगाडीवाल्याचा नफा. प्रत्येक जण आपला हिस्सा या वाढलेल्या किमतीवर काढतो. मेसेजमध्ये मागितला तसा 100 टक्के कर लावला तर तेच 80 रुपयांचं संत्रं बंदरातच 168 रुपयांचं होईल.

हे पैसे कोणी भरले? इजिप्तने? नाही. इजिप्तच्या बागायतदाराला त्याचे पैसे केव्हाच मिळाले. ते भरले भारतातल्या आयातदाराने आणि वसूल केले गिऱ्हाइकाकडून. शुल्क वाढल्यामुळे कधी परदेशी विक्रेता भाव थोडा खाली आणतो, कधी त्याचा खप घटतो, हे खरं. पण कराची पावती फाडली जाते ती आपल्याच देशात आणि आपल्याच माणसाच्या नावाने. ‘यांच्यावर शंभर टक्के कर लावा’ या वाक्यातले ‘हे’ म्हणजे सरांच्या घरचे आणि माझ्या घरचे लोक.

फोटोतल्या माणसाचंही बघू. फळ आयात करायचं तर आयात-निर्यात संकेतांक लागतो. 2003 च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार आयात परवाना लागतो. ज्या देशातून माल येणार तिथल्या सरकारचं फळ रोगमुक्त असल्याचं प्रमाणपत्र लागतं. फळमाशी येऊ नये म्हणून काही देशांच्या मालाला ठरावीक दिवस ठरावीक थंडीत ठेवावं लागतं. बंदरावर कागद दाखल करायचे, अन्न सुरक्षा प्राधिकरणाची मंजुरी घ्यायची, कर भरायचा आणि मग कंटेनर सुटतो. एका मोठ्या थंड कंटेनरात 24 टन संत्री धरा. वरच्या हिशेबाने एका कंटेनरचा नुसता कर 6 लाख 33 हजार 600 रुपये होतो. ज्याच्या टोपीभोवती तुम्ही लाल गोल काढलात, त्याने त्या सकाळी दोन-चार पेट्या उचलल्या असतील, त्याही उधारीवर. आयातीच्या धोरणात त्याचा वाटा तुमच्या-माझ्याइतकाच आहे. आणि मोठ्या मॉलच्या काचेआड तीच संत्री, तेच स्टिकर लावून बसलेली असतात. तिथे लाल गोल का काढला नाही? त्या दुकानाला टोपी नव्हती म्हणून? मला वाटतं, मेसेज लिहिणाऱ्याला संत्र्याशी काही देणंघेणं नव्हतंच. त्याला टोपी हवी होती, संत्रं फक्त निमित्त मिळालं.

राहिला खरा प्रश्न, माझ्या जिव्हाळ्याचा. वरूड, मोर्शी, काटोल, नरखेडचा शेतकरी अडचणीत आहे का? आहे. पण बाहेरच्या संत्र्यामुळे किती आणि बाकीच्या कारणांमुळे किती, हे वेगळं करून पाहिलं पाहिजे.

बाहेरून येतं ते बहुतेक व्हॅलेन्शिया किंवा नेव्हल जातीचं घट्ट सालीचं फळ. ते सोलायला सुरी लागते. आपलं नागपुरी संत्रं सैल सालीचं, हाताने सोलून फोडी खायचं. खरं तर हा पाहुणा संत्र्यापेक्षा मोसंबीच्या नात्यातला. त्याची झळ लागायची तर जालन्याच्या मोसंबीवाल्याला आधी लागेल. दुसरी गोष्ट हंगामाची. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेचं फळ येतं ते मुख्यतः आपल्या पावसाळ्याच्या सुमारास, तेव्हा नागपुरी संत्रं बाजारात नसतंच. आंबिया बहार येतो दिवाळीच्या आगेमागे. इजिप्तचा माल मात्र हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत येतो आणि आपल्या मृग बहाराशी त्याची गाठ पडते. या वर्षी रमजान त्याच दिवसांत आला. तेव्हा स्पर्धा नाहीच, असं मी म्हणणार नाही. ती आहे. म्हणून 30 टक्के शुल्क काढून टाका, असंही मी म्हणत नाही.

पण विदर्भाच्या संत्र्याला सर्वांत मोठा फटका बसला तो येणाऱ्या मालामुळे नाही, जाणाऱ्या मालामुळे. नागपुरी संत्र्याचं सर्वांत मोठं परदेशी गिऱ्हाईक बांगलादेश. डॉलरची चणचण भासू लागली तेव्हा, मे 2022 मध्ये, त्या देशाने परदेशी फळांसह शंभराहून जास्त वस्तूंवर जादा कर बसवला. भारतीय संत्र्यावरचं तिथलं शुल्क 2019 च्या सुमारास किलोमागे 20 रुपये होतं, ते 2023 मध्ये 88 रुपयांवर गेल्याच्या बातम्या तेव्हा सगळ्यांनी वाचल्या. निर्यात आटली. तिकडे जाणारा माल नागपूरच्या कळमना बाजारात आणि इतरत्र उतरला, भाव कोसळले. डिसेंबर 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारने जाहीर केलं की या शुल्काची निम्मी रक्कम, किलोमागे 44 रुपये, निर्यातदारांना अनुदान म्हणून देऊ.

आता हा व्यवहार नीट वाचा. कर लावला बांगलादेशाने. तो भरायचा ढाक्यातल्या गिऱ्हाइकाने. ते परवडेना म्हणून त्यातला निम्मा भार उचलायचं ठरलं महाराष्ट्राच्या तिजोरीतून. आणि एवढं होऊनही बागेतला शेतकरी अनुदानाच्या रांगेत नव्हताच, कारण ते जाहीर झालं निर्यातदारासाठी. ‘शुल्क वाढवा, शेतकरी वाचवा’ म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण देवघरात लावून ठेवावं. शुल्काने शेतकरी मरतो तो असा. समोरच्या देशानेही आपल्यासारखीच देशभक्ती दाखवली की मरतो.

याच वेळी आणखी एक कुजबुज कानावर आली होती. बांगलादेश मुस्लिम देश ना, मुद्दाम केलं त्यांनी. अहो, ढाक्यातल्या रोजेदाराच्या इफ्तारच्या ताटातून आपली संत्री गेली ती त्याच्याच सरकारच्या करामुळे. त्याने किलोमागे 88 रुपये जादा भरायचे की संत्र्याशिवाय रोजा सोडायचा, एवढाच पर्याय त्याच्यापुढे उरला. वरूडचा हिंदू शेतकरी, अमरावतीचा बागवान आणि ढाक्याचा रोजेदार हे तिघे त्या कराच्या एकाच बाजूला होते, हरलेल्या बाजूला. आणि मोहल्ल्याच्या ग्रुपला विचारते, इजिप्तचं संत्रं घेऊन सवाब मिळतो, तर वरूडचं संत्रं न घेऊन काय मिळतं? आपल्या बागवानांच्या चार-चार पिढ्या ज्या शेतकऱ्याच्या बागेवर जगल्या, त्याचा आपल्यावर काही हक्क आहे की नाही? शेजाऱ्याचा हक्क आपल्या दीनमध्ये नकाशा बघून ठरत नाही.

अमेरिकेचं उदाहरण तर ताजं आहे. ऑगस्ट 2025 मध्ये भारतीय मालावर 50 टक्के कर बसला तेव्हा आपण सगळे संतापलो. पण त्याच अमेरिकेने नोव्हेंबर 2025 मध्ये, किराणा महागल्याची ओरड झाल्यावर, कॉफी, केळी, टोमॅटो, गोमांस अशा काही मालावरचे नवे कर मागे घेतले. त्या यादीत संत्री होती. कर परदेशी माणूस भरतो, असं सांगणाऱ्या सरकारलाही शेवटी घरच्या स्वयंपाकघरापुढे नमावं लागलं.

आपल्याकडेही फळाच्या नावाने दुसरीच भांडणं झाली आहेत. अमेरिकेने पोलाद आणि ॲल्युमिनियमवर कर वाढवला म्हणून 2019 मध्ये भारताने अमेरिकी सफरचंदावर आधीच्या 50 टक्क्यांवर आणखी 20 टक्के लावले. 2023 मध्ये ते मागे घेतले. पोलादाच्या भांडणाची शिक्षा सफरचंद खाणाऱ्याला. आणि 2022 च्या ऑस्ट्रेलिया करारात वर्षाला 13,700 टन संत्री-मँडरिनना निम्म्या शुल्कात, म्हणजे 15 टक्क्यांत, वाट मोकळी करून दिली गेली. हा करार वाईट होता, असं माझं म्हणणं नाही. एवढंच सांगते की शुल्क चढतं-उतरतं ते दिल्लीतल्या मोठ्या देवघेवीत. त्या टेबलावर संत्रं ही एक सोंगटी असते. हातगाडीवाल्याला शिव्या देऊन ती सोंगटी इंचभरही हलत नाही.

थोडं आपल्या घरातही बोलू, नाहीतर हा लेख एकतर्फी होईल. बाजारात साध्या फळावर चकचकीत स्टिकर लावून ते ‘इम्पोर्टेड’ म्हणून विकणारे आहेत. कुठलंही सैल सालीचं फळ ‘नागपुरी’ म्हणून खपवणारे आहेत. वरच्या थरात मोठी फळं आणि खाली लहान-डागी भरणारे तर आहेतच. त्यात आपलेही लोक आहेत. धान्याच्या ढिगाऱ्यात हात घालून आतला ओलसर माल बाहेर काढणाऱ्या आणि फसवणाऱ्याला आपल्यातला मानायला नकार देणाऱ्या रसूलुल्लाहचं (सल्लल्लाहु अलैहि वसल्लम) नाव घेऊन सकाळी गाडी लावायची आणि संध्याकाळपर्यंत हे करायचं, हे कसं चालेल? नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या नावाशी खोटेपणा करणारा वरूडच्या शेतकऱ्याचं जे नुकसान करतो, ते कोणतंही शुल्क भरून काढू शकत नाही. अब्बा पेटी भरताना वरच्या थराला ‘तोंड’ म्हणायचे. सांगायचे, तोंड एक आणि पोट एक असेल तर ती पेटी मुनाफिक.

आता मूळ मुद्दा. आपली जकात आणि नाक्यावरची जकात यांत दोन फरक आहेत आणि माझा सगळा वाद त्या दोन फरकांवर उभा आहे.

पहिला फरक, घेतात कोणाकडून. आपली जकात निसाबएवढी मालमत्ता असलेल्यावरच फर्ज आहे. ज्याच्याकडे नाही त्याच्याकडून ती मागितली जात नाही, उलट त्याला दिली जाते. सीमाशुल्काला हा भेद कळत नाही. आजारी पोरासाठी दोन संत्री घेणारी मोलकरीण आणि पेटी उचलणारा बंगलेवाला, दोघांना किलोमागे तेच 26 रुपये 40 पैसे.

दुसरा फरक, जातं कुठे. आपल्या जकातीचे आठ हकदार कुरआनने सूरह तौबामध्ये नेमून दिले आहेत. नवव्या ठिकाणी ती खर्च करायची मुभा खलिफालाही नाही. संत्र्यावरच्या शुल्काचं काय? ते देशाच्या एकत्रित निधीत जातं. शेतकऱ्याला वाचवण्याच्या नावाने घेतलेल्या त्या पैशांतला एक रुपयाही संत्र्याच्या बागेत परत यावा, असं बंधन नाही. वरचा अधिभार तर राज्यांना वाटून द्यायच्या रकमेतही धरला जात नाही. सफरचंदावर 2021 पासून शेतीच्या पायाभूत सुविधांच्या नावाचा 35 टक्के उपकर तरी आहे. संत्र्याच्या वाट्याला ते नावही आलेलं नाही.

आणि बागेची गरज काय आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. रोगमुक्त कलमं हवीत, कारण डिंक्या रोगाने झाडं वाळतात. फळगळीवर वेळेवर सल्ला हवा. कमी बियांच्या जाती हव्यात. नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की कडवट होतो, म्हणून रसाचे कारखाने त्याला नाकं मुरडतात. त्यावर काम हवं. तालुक्यात प्रतवारी आणि मेण लावण्याची केंद्रं हवीत, शीतगृहं हवीत, म्हणजे भाव पडल्या दिवशीच माल काढून टाकायची वेळ येणार नाही. नागपुरात लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, ज्ञान आहे. तिथून बागेपर्यंतच्या वाटेवर पैसा नाही.

म्हणून मागायचंच असेल तर हे मागा. संत्र्याच्या नावाने वेशीवर जेवढा कर गोळा होतो, तेवढा संत्र्या-मोसंबीच्या बागांत खर्च झाला पाहिजे आणि त्याचा हिशेब दरवर्षी मांडला पाहिजे. शुल्काला मुदत पाहिजे. एवढ्या वर्षांत बाग सुधारू, तोवर ही भिंत, असं सांगून लावलेलं शुल्क मी आनंदाने भरेन. मुदत नाही, हिशेब नाही, असं शुल्क शेतकऱ्याच्या कामाचं नाही. ते फक्त त्याच्या नावावर घेतलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी सरांना हा सगळा हिशेब मधल्या सुट्टीत कागदावर करून दाखवला. त्यांनी दोनदा गुणाकार तपासला, मग म्हणाले, ‘म्हणजे कर आपणच भरतो की!’ मी म्हटलं, ‘हो सर. आणि तो फोटोतला माणूसही भरतो. त्याच्या घरीही लेकरं संत्री खातात.’ ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी पाहिलं, मेसेजवरचा त्यांचा अंगठा काढलेला होता.

बाकीचे दोन-तीन अंगठे अजून तसेच आहेत. मोहल्ल्याच्या ग्रुपवरचेही. त्यांच्यासाठी हा लेख. आणि आज इफ्तारसाठी मी वरूडची संत्री आणली आहेत, मृग बहाराची, थोडी आंबट. नेहमीच्याच हातगाडीवरून घेतली. वरच्या थरातली आणि खालच्या थरातलीही एकसारखीच निघाली.